रंगाचा अखेरचा हात



होडीला रंग कां लावतात, असा प्रश्न एखाद्या लहान मुलाला विचारला तर 'छान दिसावी म्हणून' असें उत्तर तें तत्काळ देईल. आणि मोठ्या माणसांपैकीं पुष्कळांचें उत्तर याहून फारसें निराळें असणार नाहीं. भिंतीला रंग दिला नाहीं म्हणून घर पडत नाहीं, दाराला रंग दिला नाहीं म्हणून दार निखळत नाहीं. त्यामुळें रंगकाम म्हणजे सर्व काम आटोपल्यावर करावयाची सजावट, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. लाकडी नौकेच्या बाबतींत ही समजूत सपशेल खोटी आहे. फळ्यांमधील फटी बुजविणें आणि तळाला व बाजूंना रंगाचे हात देणें, या दोन कामांवर तेथें नौकेचें आयुष्य आणि तींत बसणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो. इतिहासाच्या पुस्तकांत आरमारी लढायांना पानेंच्या पानें मिळतात. राळेची कढई आणि रंगाचा कुंचला यांच्या वांट्याला एक ओळहि येत नाहीं. आज त्या कढईची आणि त्या कुंचल्याची हकीगत मी सांगणार आहें, आणि ती एका माणसानें आपल्या हातांनीं बांधलेल्या एका शिडाच्या नौकेच्या निमित्तानें सांगणार आहें.

या माणसाचें नांव जोशुआ स्लोकम. कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत १८४४ सालीं त्याचा जन्म झाला. बाप मच्छीमारांचे बूट शिवण्याचा धंदा करी. शाळेचें शिक्षण नांवापुरतें झालें आणि पोर समुद्रावर पळालें. पुढें स्वतःच्या कर्तबगारीवर तो खलाशाचा कप्तान झाला. १८८७ च्या अखेरीस त्याचें 'ॲक्विडनेक' नांवाचें जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर वाळूंत रुतून फुटलें. जहाजाचा विमा नव्हता. बायको व दोन मुलगे बरोबर होते. दुसरा एखादा परक्या मुलुखांत हात पसरून उभा राहिला असता. यानें तेथेंच एक पस्तीस फुटी नौका बांधावयास घेतली. शिडें बायकोनें शिवलीं. १३ मे १८८८ रोजीं नौका पाण्यांत गेली. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं ब्राझीलांत गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. म्हणून नौकेचें नांव ठेवलें 'लिबेरदादे', म्हणजे स्वातंत्र्य. त्या घरगुती नौकेंतून सुमारें साडेपांच हजार मैल तोडून हें चौघांचें कुटुंब अमेरिकेस परत आलें.

पण आपली आजची नौका ती नव्हे. १८९२ च्या हिवाळ्यांत स्लोकम बोस्टन शहरीं बेकार बसला होता. वय अठ्ठेचाळीस, उभी हयात शिडांच्या जहाजांवर गेलेली, आणि आगबोटींनीं त्या जहाजांच्या पोटावर पाय आणलेला. अशा वेळीं एबेन पिअर्स नांवाचा, देवमाशांच्या शिकारीवर आयुष्य घालविलेला एक म्हातारा कप्तान त्याला भेटला आणि म्हणाला कीं, फेअरहेवन गांवीं माझी एक नौका आहे ती तुला देऊन टाकतों. थोडी डागडुजी हवी, एवढेंच. स्लोकम दुसऱ्या दिवशीं तेथें जाऊन पाहतो तों पाण्यापासून दूर एका शेतांत, टेकू देऊन उभी केलेली आणि वर शिडाचें कापड टाकलेली, कालवें धरण्याची एक जुनीपुराणी नौका! 'स्प्रे' तिचें नांव. सात वर्षें ती तशीच पडून होती. गांवकऱ्यांना वाटलें, मोडीत काढण्यासाठीं गिऱ्हाईक आलें.

स्लोकमनें ती मोडली नाहीं, पण तिच्यांतील जुनें लाकूडहि फारसें ठेवलें नाहीं. जवळच उभें असलेलें ओकचें झाड तोडून त्यानें तळाचा कणा घडविला. फांसळ्यांचीं लाकडें वाफेवर मऊ करून वांकविलीं. बाजूंना पाइनच्या दीड इंच जाडीच्या फळ्या मारल्या. एकेक अवयव बदलतां बदलतां जुनी नौका कोठें संपली आणि नवी कोठें सुरू झाली हें सांगणें अवघड झालें. आपल्याकडे आजोबांच्या कोयत्याची मूठ बापानें आणि पातें नातवानें बदललें तरी कोयता आजोबांचाच राहतो, त्यांतलाच हा प्रकार. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. सामानाचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. मजुरी स्वतःची, तेरा महिन्यांची.

आतां खऱ्या परीक्षेचें काम उरलें. फळ्या कितीहि चोख तासल्या तरी दोन फळ्यांत फट राहतेच. किंबहुना ती थोडीशी राहावी अशीच जाणत्या सुताराची इच्छा असते. कारण लाकूड पाण्यांत गेलें कीं फुगतें. फळ्या एकमेकींस घट्ट भिडवून ठोकल्या तर फुगल्यावर त्यांना जागा उरत नाहीं आणि खिळे उपटूं लागतात. म्हणून सांध्याचें तोंड बाहेरच्या अंगास किंचित् उघडें ठेवतात आणि त्यांत तंतूचा पीळ बोथट पटाशीसारख्या हत्यारानें ठासून बसवितात. पुढें लाकूड फुगतें, तंतु दाबला जातो, आणि पाण्याला वाट राहत नाहीं. ऐकावयास हें सोपें वाटतें. पण पीळ सैल राहिला तर नौका गळते, आणि फार ठोकला तर फळीच बाजूस सरते. या कामाचे वेगळे कारागीर असत, आणि सुतारापेक्षां त्यांचा तोरा कमी नसे.

युरोपांतील जहाजांत हा तंतु म्हणजे जुन्या तागाच्या दोरांचा पिंजून काढलेला, डांबर लागलेला काथ्या असे. हे जुने दोर उकलण्याचें किळसवाणें काम इंग्लंडांतील तुरुंगांतून कैद्यांकडून आणि अनाथगृहांतून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून करवून घेत. ज्या आरमाराच्या वैभवाचीं वर्णनें आम्हीं शाळांतून मुलांना शिकविलीं, त्याच्या फटी या लोकांच्या सोललेल्या बोटांनीं बुजविलेल्या होत्या, हें शिकविण्याचें मात्र राहून जात असे.

स्लोकमनें ठासण्यास प्रथम कापूस घेतला. धंदेवाईक कारागीर आणावा कीं काय, असाहि विचार त्याच्या मनांत येऊन गेला. पण त्यानें हत्यार स्वतःच उचललें. पहिला ठोका पडतो न पडतो तोंच टीकाकार जमले. किनाऱ्यावरून टोपली घेऊन जाणारा एक जण म्हणाला, हा कापूस सरकून बाहेर येणार. दुसऱ्यानें तीच री ओढली. देवमाशांच्या जहाजांतील एका नामांकित तज्ज्ञानेंहि तोच प्रश्न केला. तेव्हां तो म्हातारा कप्तान पिअर्स त्यांना थट्टेनें विचारूं लागला कीं, कापूस सरकणार तो किती वेगानें सरकेल तेंहि सांगून ठेवा, म्हणजे तितक्या वेळांत बंदर गांठतां येईल! खरी गोष्ट अशी कीं, कापसावर तागाच्या काथ्याचा पीळ ठासावयाचा हें स्लोकमनें आरंभापासूनच योजिलेलें होतें. बघ्यांना तें ठाऊक नव्हतें. आंत मऊ व फुगणारा कापूस, बाहेर चिवट व डांबरी काथ्या, अशी ती दुहेरी तटबंदी झाली. ती टिकली कीं नाहीं, तें पुढें येईलच.

हीच विद्या आपल्या किनाऱ्यावरहि होती. किंबहुना येथें तिचे प्रकार अधिक होते. पश्चिम किनाऱ्यावर फार जुन्या काळापासून फळ्या खिळ्यांनीं न ठोकतां नारळाच्या काथ्याच्या दोरीनें शिवण्याची चाल होती. सुरतेच्या सुतारांनीं आणखी एक युक्ति काढलेली होती. ते फळीच्या कडेला खांच पाडून दुसरी फळी तींत बसवीत, म्हणजे फट सरळ आरपार राहतच नसे. ग्रोस नांवाच्या इंग्रज प्रवाशानें अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सुरतेचीं जहाजें पाहून लिहून ठेवलें आहे कीं, येथील लोक जहाजांच्या तळांत एक लाकडापासून निघणारें तेल वेळोवेळीं चोळून जिरवितात आणि त्यामुळें फळ्यांचें पोषण होऊन त्या कुजत नाहींत. लाकडाचें पोषण! जणूं तें अजून झाडच आहे. कोंकणांत माशांचें तेल आणि काजूच्या टरफलांचें जळजळीत तेल या कामीं वापरण्याची रीत आहे. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं ब्राझीलहून येथें आणलें. फळ माणसांनीं खाल्लें आणि टरफल होडीच्या वांट्याला गेलें. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढावयाच्या, त्यांवर झांप घालावयाचे, सांधे उकरून पुन्हां भरावयाचे, तेल व रंग द्यावयाचा, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मग पाण्यांत लोटावयाच्या, हा आमच्या कोळी बांधवांचा शिरस्ता. पंचांगांतील तो सण आणि रंग वाळण्याची सवड यांचा असा मेळ आहे.

सांध्याचा हा इतिहास अगदीं आजपर्यंत येऊन पोंचतो. ऑगस्ट २००९ मध्यें मुंबईहून निघून मे २०१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय म्हणजे आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे. त्यांची 'म्हादेई' नौका गोव्यांत बांधलेली. तिचें अंतरंग लाकडी पट्ट्यांचें. पण पट्ट्या रासायनिक चिकानें चिकटवून त्यांवर कांचतंतूंचें कवच चढविलेलें, त्यामुळें ठासावयास सांधाच उरलेला नाहीं. आणि मौज अशी कीं, त्याच गोव्यांत फेब्रुवारी २०२५ मध्यें 'कौंडिण्य' नांवाचें एक जहाज पाण्यांत सोडण्यांत आलें, तें मात्र केरळच्या कारागिरांनीं काथ्याच्या दोरीनें फळी फळीला शिवून, नारळाचे तंतु व राळ यांनीं सांधे बुजवून सिद्ध केलेलें! अजिंठ्याच्या लेण्यांतील एका चित्रावरून त्याचा आराखडा घेतला आहे.

पण फटी बुजल्या म्हणजे नौका सुरक्षित झाली, असें नाहीं. उष्ण समुद्रांत एक शत्रु असा आहे, कीं त्याला फट लागत नाहीं; तो स्वतः भोंक पाडतो. त्याला जहाजकिडा म्हणतात. पण तो वास्तविक किडा नसून शिंपल्या-कालवांच्या जातीचा प्राणी आहे. लहानपणीं तो पाण्यांत तरंगत येतो आणि टांचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांतून लाकडांत शिरतो. मग डोक्यावरच्या दोन बारीक शिंपांनीं लाकूड खरवडीत, खात, वाढत पुढें जातो आणि आपल्या बिळाला आंतून चुन्याचा गिलावा करतो. बाहेरचें छिद्र लहानच राहतें. म्हणजे फळी वरून पाहावी तर धड, आणि आंत मधाच्या पोळ्यासारखी पोंखरलेली. कोलंबसाच्या चौथ्या सफरींत याच प्राण्यानें त्याचीं जहाजें अशीं चाळणीसारखीं केलीं, कीं १५०३ सालीं त्याला तीं जमेकाच्या किनाऱ्यावर चढवून तेथेंच एक वर्ष अडकून पडावें लागलें. नवें खंड गांठणारा दर्यावर्दी एका कालवाच्या भावकीनें जेरीस आणला.

यावर नाना उपाय झाले. कोणी चुना व तेल यांचा लेप देई, कोणी डांबर, कोणी वरून पातळ फळ्यांचें दुसरें अस्तर मारी, म्हणजे किडा तें खाईल आणि मुख्य फळी वांचेल. निर्णायक उपाय निघाला तो तांब्याच्या पत्र्याचा. १७६१ सालीं इंग्रजांनीं 'अलार्म' नांवाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे मारले आणि जहाज उष्ण समुद्रांत पाठविलें. दोन वर्षांनीं तपासणी झाली. किडा नाहीं, शेवाळ नाहीं, शिंपले नाहींत. पण लोखंडी खिळे गंजून लगदा झालेले! तांबें आणि लोखंड खाऱ्या पाण्यांत एकमेकांस लागले कीं विद्युत्क्रियेनें लोखंड खाऊन जातें, हें त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हतें. मात्र एक गोष्ट तपासणारांच्या ध्यानांत आली: जेथें पत्र्याला गुंडाळून आलेला तपकिरी कागद चुकून तसाच राहिला होता, तेथील खिळे शाबूत होते. कारागिराच्या आळसानें असा एखादा शोध लागतो! पुढें १७८० च्या सुमारास लढाईच्या निकडीनें इंग्रजी आरमारांतील एकजात सर्व जहाजांना तांबें मारण्यांत आलें आणि हळूहळू खिळेहि तांब्याच्या मिश्र धातूचे झाले.

या तांब्याचा मुंबईशींहि संबंध आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्यानें येथील गोदींत सागवानी जहाजांची परंपरा उभी केली. ओकच्या लाकडांतील आम्लानें लोखंड खातें, सागाच्या तेलानें उलट तें राखलें जातें. म्हणून सागवानी जहाज ओकच्या जहाजाहून दीर्घायुषी. पण तळाचें तांबें विलायतेहून यावें लागे. मुंबईंत 'कॉर्नवालिस' हें जहाज बांधणें चालू असतां त्याच्यासाठीं तांबें घेऊन निघालेली 'जावा' नांवाची लढाऊ नौका २९ डिसेंबर १८१२ रोजीं ब्राझीलच्या समुद्रांत अमेरिकन जहाजाशीं लढून शरण गेली, पुढें अमेरिकनांनीं ती जाळून टाकली, आणि तांबेंहि तिच्याबरोबर तळाशीं गेलें. त्याच गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं बांधलेलें 'त्रिंकोमाली' जहाज १८१७ सालीं पाण्यांत गेलें. तें आजहि इंग्लंडांत हार्टलपूल बंदरीं तरंगतें आहे. दोनशें वर्षें उलटून गेलीं.

तांब्याचें मर्म मात्र १८२४ सालीं एका फसलेल्या प्रयोगानें उघड झालें. सर हंफ्रे डेव्ही हे मोठे रसायनशास्त्रज्ञ. खाऱ्या पाण्यानें तांबें झिजतें तें वांचवावें म्हणून त्यांनीं पत्र्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ति सुचविली. शास्त्र अचूक ठरलें. तांबें झिजावयाचें थांबलें. पण त्याबरोबर तळावर शिंपले आणि शेवाळ यांचें रान माजलें आणि जहाजें मंदावलीं. तेव्हां कळून आलें कीं तांबें झिजतें म्हणूनच तें राखतें. त्याचा अत्यंत सूक्ष्म अंश पाण्यांत सतत विरघळत राहतो, आणि तें विष जीवजंतूंना जवळ येऊं देत नाहीं. हें एकदां समजल्यावर पत्र्याचीहि जरूर राहिली नाहीं. तांब्याची भुकटी रंगांत घोटून तळाला फांसली आणि ती हळूहळू विरघळत राहिली, म्हणजे काम झालें. १८६३ सालीं अमेरिकेंतील ग्लॉस्टर या मच्छीमार बंदरीं अशा ताम्ररंगाचा हक्क नोंदविला गेला. गरिबाच्या होडीला तांब्याचें चिलखत परवडूं लागलें तें तेव्हांपासून. स्लोकमचें फेअरहेवन त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यांत आहे.

येथें थोडें पुढें जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तांब्याहून जहाल असें कथलाचें एक संयुग या रंगांत घालूं लागले. तळ स्वच्छ राहिले. पण फ्रान्समधील आर्काशों उपसागरांतील कालवांचीं शिंपलीं वेडींवांकडीं होऊं लागलीं, त्यांचीं पिलें जगेनात. फ्रान्सनें १८८२ नव्हे, तर ठीक शंभर वर्षांनंतर, म्हणजे १९८२ सालीं, लहान नौकांना तो रंग लावण्यास बंदी केली. आणि २००१ सालीं ठरलेला आंतरराष्ट्रीय करार २००८ पासून अमलांत आला. नौकेचा तळ ज्यानें राखावयाचा तें विष कोणाच्या तोंडीं जाईल, हा विचार माणसाला इतक्या उशिरां सुचला.

आतां नौकेच्या वरच्या अंगाचा रंग. पाण्याच्या रेषेवर जहाजकिडा येत नाहीं. तेथें शत्रु सूर्य आणि पाऊस. ऊन लागून फळी वाळली कीं आकसते, सांधा उघडतो, आणि नौका कलंडली कीं त्यांतून पाणी आंत येतें. म्हणून पांढरा रंग उत्तम, कारण तो ऊन परतवितो. त्या काळीं पांढरा रंग म्हणजे सफेता. तो करण्याची जुनी डच रीत ऐकण्यासारखी आहे. शिशाच्या वळ्या मातीच्या भांड्यांत शिर्क्यावर टांगावयाच्या आणि तीं भांडीं घोड्याच्या लिदींत कित्येक आठवडे पुरून ठेवावयाचीं. लिदीची ऊब, शिर्क्याची वाफ आणि कुजण्यांतून निघणारा वायु यांनीं शिशावर पांढरी खपली धरते. ती खरवडून, धुवून, वाटून जवसाच्या तेलांत घोटली कीं रंग झाला. शिशाचेंच दुसरें रूप म्हणजे आपला शेंदूर. मारुतीच्या मूर्तीला तेलांत कालवून आपण जो लेप चढवितों, तोच जहाजांच्या लोखंडाला गंज लागूं नये म्हणून पहिला हात म्हणून देत असत.

जवसाचें तेल वाळतें तें पाण्यासारखें उडून जात नाहीं. हवेंतील प्राणवायु घेऊन तें घट्ट होतें आणि चिवट कातडें बनतें. त्यामुळें हात पातळ हवा आणि दोन हातांमध्यें सवड हवी. एकदांच जाड थर फांसला तर वरून कातडें धरतें, आंत ओलें राहतें, आणि पुढें सुरकुत्या पडून सालपटें निघतात. घाई करणाराला हा रंग कधीं साधला नाहीं. सफेता विषारी, तो घोटणारे आणि जुना रंग घांसणारे कामगार पोटशूळ व हातांचा लुळेपणा यांनीं पिडले जात. १९२१ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय करार होऊन इमारतींच्या आंतल्या रंगकामांतून तो काढून टाकण्याचें ठरलें. या करारापूर्वीं किती पिढ्या त्या पांढऱ्या शुभ्र रंगाखालीं खपल्या, त्याचा हिशेब कोणत्या दप्तरांत सांपडेल?

तर स्लोकमच्या नौकेला सांधे भरून झाल्यावर तळाला ताम्ररंगाचे दोन हात आणि बाजूंना व कठड्यांना सफेत्याचे दोन हात मिळाले. मग सुकाणू बसवून तेंहि रंगविलें, आणि दुसऱ्या दिवशीं नौका पाण्यांत लोटली. तेरा महिन्यांच्या खटपटीचें हें शेवटचें काम. पण यापुढें स्लोकमचा जीव आणि अथांग पाणी यांच्यामध्यें होती दीड इंचाची फळी, कापूस-काथ्याचा पीळ, आणि रंगाचे दोन हात.

२४ एप्रिल १८९५ रोजीं तो बोस्टनहून एकटा निघाला. अटलांटिक ओलांडून जिब्राल्टर, तेथून परत फिरून ब्राझील, मॅगेलनची सामुद्रधुनी, पॅसिफिक, ऑस्ट्रेलिया. वादळें, चांचे, टिएरा देल फ्यूगोमधील रहिवाशांशीं चकमकी, हें सर्व त्यानें १९०० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत बहारीनें सांगितलें आहे. वाचणारे तेंच वाचतात. मला त्यांतील दोन लहान जागा अधिक मोलाच्या वाटतात. १८९७ च्या आरंभीं टास्मानियांतील डेव्हनपोर्ट बंदरीं त्यानें नौका पाण्याबाहेर ओढून वरपासून खालपर्यंत तपासली. सबंध पॅसिफिक तोडून आलेल्या त्या तळाला जहाजकिड्याचें एक छिद्रहि नव्हतें. तरीहि पुढें कोरल व अराफुरा या उष्ण समुद्रांतून जावयाचें म्हणून त्यानें ताम्ररंगाचा आणखी एक हात दिला. कांहीं बिघडलेलें नसतां दिलेला हा हात.

दुसरी जागा हिंदी महासागरांतील कीलिंग बेटांवरची. तेथें त्यानें नौका वाळूवर चढवून पाण्याच्या रेषेजवळचा पट्टा पुन्हां रंगविला. बेटावरचीं मुलें भोंवतीं जमलेलीं. जहाजी बिस्किटांवर तो काळ्या रंगाचा मुरंबा लावून खातांना त्यांनीं पाहिला, आणि मुरंबा कधीं न पाहिलेल्या त्या मुलांनीं ओरडा केला कीं कप्तान डांबर खातो आहे! त्या पोरांची तरी काय चूक?

२७ जून १८९८ रोजीं न्यूपोर्ट बंदरीं त्यानें नांगर टाकला. तीन वर्षें आणि दोन महिने. सेहेचाळीस हजार मैल. पृथ्वीभोंवतीं एकट्यानें शिडावर जाऊन येणारा तो पहिला मनुष्य. नौका परत आली तेव्हां थेंबभर पाणीहि गळत नव्हतें, आणि ऑस्ट्रेलिया सोडल्यापासून पाणी उपसण्याचा पंप त्यानें एकदांहि जोडलेला नव्हता, अशी नोंद त्यानें केली आहे. टोपलीवाल्यानें सरकणार म्हणून सांगितलेला कापूस जागच्या जागीं होता. ३ जुलै रोजीं तो फेअरहेवनला गेला आणि नौका पाण्यांत लोटतांना ती थोपवून धरण्यासाठीं किनाऱ्यांत जो सीडरचा खुंट ठोकला होता, त्याच खुंटाला त्यानें ती नेऊन बांधली.

यानंतर अकरा वर्षें स्लोकमनें तीच नौका चालविली. तो हिवाळ्यांत दक्षिणेकडे जाई, उन्हाळ्यांत परत येई. पण वय वाढत गेलें तसा त्याचा हात ढिला पडला. शेवटच्या कांहीं वर्षांत ज्यांनीं नौका पाहिली त्यांनीं, ती पूर्वीसारखी निगुतीनें राखलेली नव्हती, असें लिहून ठेवलें आहे. १९०९ च्या नोव्हेंबरांत पासष्ट वर्षांचा स्लोकम मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरून पुन्हां एकटा दक्षिणेकडे निघाला. एखाद्या आगबोटीनें रात्रीं अंधारांत धडक दिली असावी असें कोणी म्हणतात. जुन्या सांध्यांनीं दगा दिला असें कोणी म्हणतात. तो कोणत्याहि बंदरीं पोंचला नाहीं, आणि 'स्प्रे'ची एक फळीहि कोणाला सांपडली नाहीं.